जाळीवरची वाळू

१

तलावाच्या तळाशी वाळू सापडली शुक्रवारी सकाळी, आणि दुपारपर्यंत तिचं खापर माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर फुटलंही होतं. आमच्या क्लबात एवढ्या झपाट्यानं दुसरं काहीही होत नाही. बागेतला एक मोडका बाक बदलायचा तर कमिटीच्या बैठकांवर बैठका झडतात.

क्लबाचा पोहण्याचा तलाव जुना आणि त्याचं पाणी गाळणारा फिल्टर त्याच्याच वयाचा. फिल्टर म्हणजे काय, तर माणसाच्या उंचीची एक टाकी, तिच्यात भरलेली वाळू. पंप तलावातलं पाणी ओढतो आणि टाकीत वरून सोडतो. ते वाळूतून झिरपत खाली जातं, आणि बुडाशी बारीक फटींच्या प्लास्टिकच्या नळ्या असतात त्यांतून स्वच्छ होऊन तलावात परततं. त्या नळ्यांना सगळे ‘बोटं’ म्हणतात. बोटं शाबूत असली की वाळू टाकीत राहते, फुटली की पाण्याबरोबर तलावात येते. एवढं कळलं की या प्रकरणातलं यंत्रशास्त्र संपलं. मी शाळेत भूगोल शिकवतो. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

धाकटी तिथे पोहायला शिकवते. मुलांच्या बॅचा आधीपासून होत्याच, पण तिनं कमिटीशी भांडून एक बायकांची बॅच सुरू केली होती. पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या, जन्मात कधी गुडघाभर पाण्यापलीकडे न गेलेल्या बायका. सुरुवातीला कमिटीत लोक गालातल्या गालात हसले. आता त्या बायका हात सोडून तरंगत होत्या आणि रविवारी त्यांची खोल पाण्यातली पहिली परीक्षा होती. उथळ टोकावरून निघायचं आणि खोल टोकाची भिंत गाठायची, एवढंच. त्यातल्या दोघींनी आदल्या आठवड्यात झोप उडाल्याचं मला सांगितलं होतं.

फिल्टरची वाळू तुंबली की पाणी उलट दिशेनं सोडून ती धुवावी लागते. पंपाचा माणूस रजेवर असल्यामुळे गुरुवारी संध्याकाळी ते काम धाकटीनं केलं होतं. सेक्रेटरींनी लगेच दोन आणि दोन पाच केले: हिनं पंप चालू असतानाच पाण्याची दिशा बदलायचं हँडल फिरवलं, आतली बोटं फोडली, यंत्र कायमचं गेलं. शनिवारी संध्याकाळी कमिटी बसणार होती. अख्खा फिल्टर नवा घ्यायचा, त्यासाठी पंपाच्या खोलीची भिंत पाडायची, तलाव हंगामभर बंद ठेवायचा आणि धाकटीला नारळ द्यायचा, असं बैठकीआधीच ठरून गेलं होतं.

ती घरी आली ती ओल्या केसांनीच खुर्चीत बसली.

“दादा, मी पंप बंद करूनच हँडल फिरवलं होतं,” ती म्हणाली. “पण सगळे इतक्या खात्रीनं सांगतायत की आता माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही.”

ते ऐकून माझं डोकं सणकलं. माणसाची नोकरी घेतलीत तर एक वेळ समजू शकतो, पण त्याची स्वतःवरची खात्री कशी घेता? मी फोन उचलला आणि आत्याला लावला.

२

आमची आत्या विमा कंपनीत सर्वेअर होती. जळलेल्या गिरण्या, बुडालेल्या लाँचा, फुटलेले बॉयलर, यांच्यासमोर उभं राहून ‘हे वयानं गेलं, अपघातानं गेलं की कुणाच्या हातानं गेलं’ एवढं सांगण्यात तिची हयात गेली. दुरुस्त करा की बदला, हा शेवटचा शब्दही तिचाच असायचा. निवृत्त झाल्यापासून ती घरातल्या मिक्सरवर आणि आमच्या लग्नांवर तोच निकाल देत असते.

शनिवारी सकाळी ती आली आणि चहाही न घेता क्लबात चला म्हणाली. सेक्रेटरींनी पुरावा म्हणून तलावाला दोरी बांधून ठेवली होती, त्यामुळे पाण्याला कुणी हात लावला नव्हता. पाणी काचेसारखं नितळ होतं. खोल टोकाला, भिंतीच्या पायथ्याशी तळात एक लोखंडी जाळी आहे, तिच्याभोवती वाळूचा ढीग वरूनही स्पष्ट दिसत होता.

मग आत्या पंपाच्या खोलीत गेली. पंप घरघरत होता आणि टाकीवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा लाल पट्ट्यात होता. तिनं पंप बंद करायला लावला. घरघर थांबली. काटा लाल पट्ट्यातच होता. “हं,” ती म्हणाली आणि पंप परत सुरू करायला लावला. पंप बंद करूनही दाब उतरत नाही म्हणजे यंत्र अगदीच हाताबाहेर गेलेलं दिसतंय, असं मला वाटलं.

खोलीमागे एक नाली आहे. फिल्टर धुतला की घाण पाणी तिथे जातं, आणि त्याबरोबर टाकीतली थोडी वाळूही. आत्यानं नालीच्या तोंडाशी बसून तिथली चिमूटभर वाळू रुमालात बांधली. मग धाकटीला बुडी मारायला लावून जाळीवरची मूठभर वाळू वर काढून घेतली. शेवटी तिनं साडी घट्ट खोचली, उथळ पाण्यात उतरली आणि भिंतीला लागून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू चालत राहिली. वयस्कर बाई सकाळी सकाळी खेळतेय असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

“तळपायाला काही लागलं?” मी विचारलं.

“काहीच नाही,” ती म्हणाली. “तेच तर बघत होते.”

मी पुढे विचारणार तोच ती म्हणाली की आता माणसं बघू. यंत्राचं बोलून झालंय.

३

पहिले सेक्रेटरी. गोरे, गोल, कायम घाईत. त्यांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही आणि नव्या फिल्टरचं कौतुक सुरू केलं. उद्‌घाटनाची फीत त्यांना आत्ताच दिसत असावी. ते कंबरेवर हात दाबून बसले होते. आत्यानं तिची चौकशी केली तेव्हा मात्र ते खुलले. रोज सकाळी उथळ टोकाच्या भिंतीला पाठ लावून उभं राहतो, ते म्हणाले. तिथल्या भोकांतून गाळलेल्या पाण्याची धार येते, तिनं कंबर मोकळी होते, डॉक्टरनं हात टेकले होते पण त्या धारेनं उभं केलं. मग तीच धार हंगामभर बंद करायला निघालात कसे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आत्यानं माझ्याकडे बघितलं, मी गिळलं.

दुसरे, ज्यांना सगळे फिल्टरशेठ म्हणतात ते यंत्रविक्रेते. माणूस गोड, आणि गुळासारखाच चिकट. टाकी न उघडताच त्यांनी तिचा मृत्यूचा दाखला दिला होता. गेल्या महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर मीच सांगितलं होतं की काटा चढतोय, एक दिवस वाळू तलावात येणार, आणि आली की नाही, असं ते छाती फुगवून म्हणाले. आत्यानं पाणी कसं फिरतं ते समजावून द्यायला सांगितलं. त्यांनी टेबलावर ओल्या बोटानं रेघा ओढल्या: खोल टोकाच्या तळातल्या जाळीतून पाणी बाहेर, पंप, फिल्टर, आणि उथळ टोकाच्या भिंतीतून परत आत. चोख उत्तर होतं. माझा सगळा संशय यांच्यावरच होता आणि तो मी बाहेर पडल्यावर बोलूनही दाखवला.

“चोर दिसतो तो चोर असेलच असं नाही,” आत्या म्हणाली. “तो दुकानदार आहे, हा वेगळा धंदा.”

तिसरे व्यायामशाळेचे मास्तर. व्यायामशाळा तलावाला लागूनच, तिचं मागचं दार थेट खोल टोकाशी उघडतं. मास्तरांचा दरारा मोठा, पण आमच्याशी नेहमी मायेनं वागलेले. धाकटीला ते लहानपणापासून ‘चिमणे’ म्हणत. त्या दिवशी तिची बाजू घेणारा तेवढा एकच माणूस होता. पोरीचा काही दोष नाही, यंत्रच म्हातारं झालंय, ते म्हणाले. तलाव बंद ठेवून नवीनच घ्या, माणसांच्या जिवाशी खेळ नको. पोरांना मी त्या खोल टोकाच्या काठावर उभंसुद्धा राहू देत नाही. तळातल्या जाळीतून पाणी केवढ्या जोरात वर येतं, एखादं पोर उलटंपालटं व्हायचं. ते ऐकून मला बरं वाटलं.

व्यायामशाळा ओस होती. भिंतीशी उचलायच्या वाळूच्या पिशव्या ओळीनं ठेवल्या होत्या, सगळ्या टम्म आणि एक मात्र रिकाम्या उशीसारखी लोळागोळा. वजनं मांडायलाही आता माणूस उरला नाही, मास्तर खिन्नपणे हसून म्हणाले. सगळे तिकडे पाण्यात.

बाहेर आल्यावर आत्यानं व्यायामशाळेचं दार हळूच ओढून घेतलं. मग म्हणाली, “मला कळलं कोण ते. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.”

४

संध्याकाळी कमिटी पंपाच्या खोलीतच जमली. आत्यानं तसा आग्रहच धरला होता. सेक्रेटरी, फिल्टरशेठ, मास्तर, आणखी दोनचार सभासद. धाकटी दाराशी उभी होती. बायकांची बॅच कुणी न बोलावता आली होती आणि खिडकीबाहेर पदर खोचून उभी होती.

आत्यानं सुरुवातीलाच विचारलं, या यंत्राला नेमकं झालंय काय. फिल्टरशेठ म्हणाले, दोन रोग आहेत: दाब वाढलाय, आणि वाळू बाहेर पडतेय.

“म्हणजे आत पाणी तुंबलंय, आणि खाली भोकंही पडलीत,” आत्या म्हणाली. “शेठ, एकाच माणसाला एकाच दिवशी बद्धकोष्ठ आणि हगवण झालेली तुम्ही कधी बघितलीत?”

खिडकीबाहेर कुणीतरी फिसकन हसलं. आत्यानं पंप बंद करायला लावला आणि सगळ्यांना काट्याकडे बघायला सांगितलं. घरघर थांबली. काटा लाल पट्ट्यात होता तिथेच राहिला. मग तिनं घड्याळच फिरवून काढलं आणि सेक्रेटरींच्या तळहातावर ठेवलं. आता ते ना पंपाला जोडलेलं होतं ना टाकीला, तरी काटा लालच दाखवत होता.

“सगळ्यांनी हे यंत्र चालू असताना बघितलं,” ती म्हणाली. “मी आयुष्यभर आधी बंद असताना बघत आले. हे घड्याळ मेलंय. दाब वाढलेलाच नाही.”

सेक्रेटरी तळहाताकडे बघत राहिले. पण ते सहजासहजी हार मानणाऱ्यांतले नव्हेत. बरं, काटा खोटा, वाळूचं काय, ती तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलीय, ते म्हणाले. आत्या म्हणाली, टाकी उघडा. बोटं फुटलेली निघाली तर माझी भाची स्वतःहून जाईल आणि मी तुमची माफी मागेन.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याही. हे आत्यानं आम्हाला विचारलं नव्हतं.

फिल्टरशेठनीच झाकण उघडलं आणि ते आणि मी आळीपाळीनं टमरेलानं वाळू उपसू लागलो. वाळू ओली, जड, आणि संपता संपेना. शेवटी टमरेल कशावर तरी खट्‌कन आपटलं. फिल्टरशेठनी टॉर्च आत धरला आणि डोकं घातलं. ते बराच वेळ बाहेर काढेनात.

५

“शाबूत आहेत,” आतून घुमल्यासारखा आवाज आला. “सगळी शाबूत आहेत.”

धाकटीनं पुढे होऊन स्वतः आत डोकावून पाहिलं. बाहेर बायकांनी असा काही गलका केला की पंपाची खोली दणाणली. मी तोवर कसाबसा धीर धरला होता. आता सरळ डोळे पुसले.

आत्यानं हात वर केला. वाळू टाकीतून आली नाही म्हणजे ती कुणीतरी आणून टाकली, आणि ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण मिटणार नाही, ती म्हणाली. तिनं टेबलावर रुमाल सोडला. एका बाजूला नालीतली, म्हणजे टाकीतली वाळू: एकसारखे दाणे, वर्षानुवर्षं पाण्यात घासून गोटीसारखे झालेले. दुसरीकडे जाळीवरची: बारीक, जाड, टोकेरी, सगळी भेसळ, चाळणीचं तोंड न पाहिलेली. आतापर्यंत नद्यांचे गाळ मी फळ्यावर काढत आलो आणि हा फरक मात्र आत्यानं दाखवल्यावर दिसला.

“आता पुढचं ऐका. ज्यानं हे केलं त्याला शेठचं भाकीत खरं करून दाखवायचं होतं. फिल्टरमधून आल्यासारखी वाळू दिसायला हवी होती. मग ती कुठे पडायला हवी? गाळलेलं पाणी जिथून आत येतं तिथे, उथळ टोकाच्या भिंतीखाली. तिथे मी अनवाणी चालले, एक कण लागला नाही. वाळू पडलीय पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीवर.”

फिल्टरशेठ म्हणाले, उतारानं घरंगळत गेली असेल. आत्या म्हणाली, मग वाटेत खुणा ठेवून गेली असती. वाळू काही उडी मारत नाही.

“म्हणजे ज्यानं टाकली त्याला वाटत होतं की त्या जाळीतून पाणी वर येतं. माझ्या भाचीला तसं वाटणं शक्य नाही. शेठना शक्य नाही. सेक्रेटरी रोज त्या धारेला पाठ लावून उभे राहतात. तलावाच्या काठावर आयुष्य काढून एकदाही पाण्यात न उतरलेला माणूसच ही चूक करेल. आणि त्याच्या व्यायामशाळेत वाळूची एक पिशवी रिकामी झालेली आहे.”

सगळ्यांच्या माना हळूहळू मास्तरांकडे वळल्या. ते नाही म्हणतील असं मला वाटलं, नव्हे, त्यांनी नाही म्हणावं असंच वाटत होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

“तुझं नाव येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, चिमणे,” ते म्हणाले. “तलाव हंगामभर बंद राहिला असता तर माणसं परत व्यायामशाळेत आली असती. एवढंच हवं होतं मला.”

“नाव आलं तेव्हा बोलायचं होतं, काका,” धाकटी म्हणाली. “पूर्ण दिवस होता तुमच्याकडे.”

लोकांना मास्तरांची कीव आली, मला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जात असताना चोर शेजारी उभा राहून मायेचे शब्द बोलत होता, हे मी विसरणार नाही. त्यांनी तिथेच व्यायामशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मागच्या दारानं निघून गेले.

आता दुरुस्ती की नवीन, सेक्रेटरींनी विचारलं. त्यांचा आवाज बराच खाली आला होता. आत्यानं टाकीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर ठोकून पाहिलं, हँडलखालचं झिजलेलं रबर नखानं उचकटलं.

“घड्याळ बदला. हे रबर बदला. वाळू बोथट झालीय, तीही नवी भरा, ते तुम्ही मागेच करायला हवं होतं. टाकी, पंप आणि शिकवणारी बाई बदलायचं काही कारण नाही.”

फिल्टरशेठ त्याच रात्री रबर आणि घड्याळ घेऊन आले. विक्रीच्या मानानं किरकोळ काम, पण त्यांनी मन लावून केलं. नवी वाळू सोमवारी येणार होती. तोवर जुनीच पुन्हा भरली.

६

रविवारी सकाळी तलावाच्या काठी पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांचे नवरे, मुलं, सुना, नातवंडं, सगळे हजर. तळ स्वच्छ होता, पाण्यातून फरशीची प्रत्येक रेघ दिसत होती. बॅच उथळ टोकाला भिंत धरून कंबरभर पाण्यात उभी होती आणि एकमेकींना शेवटच्या सूचना देत होती.

तेवढ्यात सेक्रेटरी कागद घेऊन पुढे आले. कमिटीच्या वतीनं दोन शब्द बोलायचे होते म्हणे. त्यांनी घसा साफ केला, सन्माननीय सभासदांपासून सुरुवात केली, आणि परिस्थिती, गैरसमज, दुर्दैवी योगायोग असं करत करत ते माफीच्या आसपास घिरट्या घालू लागले. पाण्यातल्या बायका कुडकुडायला लागल्या. धाकटी शांतपणे त्यांच्याजवळ गेली.

“साहेब, बायका गारठल्यात. जे म्हणायचंय ते एका वाक्यात म्हणा.”

सेक्रेटरींनी कागदाकडे पाहिलं, मग तो घडी करून खिशात ठेवला.

“चूक आमची होती, बाई,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तुमची नव्हती.”

धाकटीनं मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते पुसायला वेळ घेतला नाही. ती काठावर जाऊन उभी राहिली, आपल्या बायकांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि शिट्टी वाजवली.

भिंत सुटली. हातपाय कसेही पडत होते, पाणी चहूकडे उडत होतं, अर्ध्यात एक जण थांबली तेव्हा सगळ्या काठाचा श्वास अडकला. ती उताणी झाली, शिकवल्यासारखी तरंगली, दम घेतला आणि परत वळली. धाकटी त्यांच्याबरोबर काठानं चालत होती. बोलत होती, पण हात पुढे करत नव्हती. पहिली भिंतीला लागली ती सेक्रेटरींची बायको. तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि शेवटी ती थांबलेलीसुद्धा. खोल टोकाची अख्खी भिंत धापा टाकणाऱ्या, हसणाऱ्या, रडणाऱ्या बायकांनी भरून गेली.

“बाई,” त्यांच्यातली सर्वांत थोरली पाण्यातूनच ओरडली, “आता परत पोहत जायचं का?”

“मग काय रिक्षा बोलावू?” धाकटी म्हणाली आणि तिनं पुन्हा शिट्टी वाजवली.